पाच कोटींचं रजिस्टर

परवा जेवणाच्या सुट्टीत टीममधल्या एका मित्राने नवा शोध लावला. "रिझर्व्ह बँक शेअर बाजारात लिस्ट करून टाका रे. लाखभर भागधारक झाले की सरकारची ढवळाढवळ आपोआप बंद!" टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती, पण गेले दोन वीकएंड मी रिझर्व्ह बँकेच्या इतिहासाचा पहिला खंड चाळण्यात घालवलेत (हो, मला दुसरे उद्योग नाहीत). त्यामुळे हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय आणि पावणेचौदा वर्षं चाललाय, हे ताजं ताजं कळलं होतं.

1 एप्रिल 1935 ला बँक सुरू झाली ती खाजगी भागधारकांची म्हणून. भांडवल पाच कोटी, शंभर रुपयांचा एक शेअर, म्हणजे पाच लाख शेअर. त्यातले 2,200 तेवढे सरकारकडे, तेही संचालकांना पात्रतेपुरते देता यावेत म्हणून. बाकी सगळे लोकांचे. एका गावाने बँक बळकावू नये म्हणून कायद्यातच पाच रजिस्टरं ठरवून दिली होती: मुंबई 140 लाख, कलकत्ता 145, दिल्ली 115, मद्रास 70 आणि रंगून 30. (रंगून बघून मी दचकलो. मग आठवलं, ब्रह्मदेश 1937 मध्ये वेगळा झाला.) मतांनाही लगाम होता. पाच शेअरला एक मत, आणि कितीही शेअर घेतले तरी जास्तीत जास्त दहा मतं.

कागदावर डिझाइन झकास आहे. वाटप करताना लहान माणसाला आधी पाच-पाच शेअर द्यायचे, हेही लिहिलेलं. पण आपल्या धंद्यातल्या कुणालाही यातला बग दोन मिनिटांत दिसेल. सगळी तपासणी इन्सर्टला लावली आहे, अपडेटला नाही! पहिलं वाटप काटेकोर झालं, पण नंतर शेअर विकायला कुणाला बंदी नव्हती. मग व्हायचं तेच झालं. लहान लोकांनी विकले, मोठ्यांनी घेतले. वर्षागणिक भागधारकांची संख्या घटत गेली आणि शेअर मुंबईच्या रजिस्टरात गोळा होत गेले. संचालकांच्या जागा मात्र तशाच राहिल्या, मुंबईला दोन, रंगूनला एक. म्हणजे मुळात रुपयांच्या प्रमाणात बेतलेलं प्रतिनिधित्व नंतर कशाच्याच प्रमाणात उरलं नाही.

1940 मध्ये पॅच आला. एका नावावर वीस हजार रुपयांपेक्षा जास्त शेअर नकोत. एका *नावावर* हं. घरात पाच नावं असली की काय करायचं ते सांगायला चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही.

आता मित्राचा खरा मुद्दा, सरकारची ढवळाढवळ. आठ संचालक भागधारकांच्या बाजूने निवडून यायचे, हे खरं. पण गव्हर्नर आणि दोन डेप्युटी गव्हर्नर नेमायचे कुणी? सरकारनेच, बोर्डाची शिफारस विचारात घेऊन. आणि भागधारकाला मिळायचं काय, तर सुरुवातीला वर्षाला साडेतीन टक्के. बाकी नफ्याचा बहुतेक सगळा हिस्सा सरकारी तिजोरीत. याला मालकी म्हणायचं तर मी माझ्या फिक्स डिपॉझिटच्या बँकेचा मालक आहे.

"स्वित्झर्लंडमध्ये आहे की लिस्टेड," असं त्याने लगेच टाकलंच. आहे. तिथे डिव्हिडंड कायद्यानेच सहा टक्क्यांवर अडकवलेला आहे, 250 फ्रँकच्या शेअरला 15 फ्रँक. खाजगी माणसाला शंभर शेअरपलीकडे मत नाही, आणि निम्म्याहून जास्त मतं कॅन्टन आणि त्यांच्या बँकांकडे. 2022 मध्ये त्या बँकेला 132 अब्ज फ्रँकचा तोटा झाला, तेव्हा भागधारकांना शून्य मिळालं.

माझं मत साधं आहे. मध्यवर्ती बँकेचे शेअर कुणाकडे आहेत हा चुकीचा प्रश्न आहे. गव्हर्नरला नेमतं कोण, काढू शकतं कोण, आणि वर्षाअखेरीचा पैसा किती न्यायचा ते ठरवतं कोण, हे विचारा. 2024-25 साठी रिझर्व्ह बँकेने सरकारला 2,68,590 कोटी दिले. तिचं भांडवल आजही तेच पाच कोटी आहे! एवढ्या रकमेबाबतचा वाद शेअर वाटून मिटणार असेल तर सोपंच झालं असतं.

शेवटी 1 जानेवारी 1949 ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा गव्हर्नर होते आपले चिंतामणराव देशमुख. भागधारकांना मोबदला मिळाला, त्यातला मोठा भाग तीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत.

मित्राला हे सगळं मेलवर पाठवलं. संध्याकाळी त्याचं एका ओळीचं उत्तर: "ते ठीक आहे, पण शेअरला भाव काय मिळाला?"

118 रुपये 10 आणे, म्हणून कळवलंय.