कारखानदाराची गरज आणि गिऱ्हाइकाची ऐपत

माणसाला नोकरी देणे हा जणू कारखानदाराच्या मर्जीचा किंवा औदार्याचा विषय असून, सरकारी तिजोरीतून चार पैशांची सवलत पुढे केली की ती मर्जी संपादन करता येते, अशा समजुतीने आपल्याकडील बहुतेक रोजगारयोजना आखल्या जातात. मजुराची मागणी मालाच्या मागणीतून उद्भवते, याचे सविस्तर विवेचन आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालीच करून ठेवले असताना दर अंदाजपत्रकागणिक त्याचा विसर पडावा, हे नवल होय.

इचलकरंजीचे उदाहरण घ्या. १९०४ साली जेथे पहिला यंत्रमाग बसला, त्या गावातला खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीने कापड विणून देणारा लहान मागधारक, माणसे वाढवतो किंवा कमी करतो ते व्यापाऱ्याकडून बीम, म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ, येते की नाही, हे पाहून. बीम आले की ताण्याचे धागे ओवणाऱ्या वहिफणीवाल्याला बोलावणे जाते, बाण्याच्या कांड्या भरणारा कांडीवाला कामाला लागतो, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला फुरसत राहत नाही. न आले की प्रथम रात्रपाळी बंद होते. अशा वेळी मीटरमागे मजुरी थोडी उतरली म्हणून उभा माग सुरू होत नाही, कारण गिऱ्हाइकावाचून विणलेले कापड गोदामात पडून राहते आणि त्यात गुंतलेल्या भांडवलाचे व्याज मात्र चालू राहते. शिवाय एका मालकाच्या जमाखर्चात जी मजुरी खर्चाच्या बाजूस पडते, तीच दुसऱ्याच्या दुकानात विक्री म्हणून जमा होते. सर्वांनीच ती एकदम कापली तर बीम पाठवणाराही हात आखडता घेणार.

मजुरीच्या दराला काहीच महत्त्व नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. यंत्र घ्यावे की माणूस ठेवावा, या निवडीत तो दर निश्चित बोलतो. आणि येथेच आपल्या धोरणातील विसंगती उघड होते. १९९९ साली सुरू झालेल्या ‘टफ’ (तंत्रज्ञान उन्नयन निधी) योजनेने नव्या यंत्रांच्या कर्जावर पाच टक्के व्याजाची सूट देऊन कमी माणसांत जास्त कापड काढणारे धोटाविरहित माग स्वस्त केले. कापडाच्या प्रतीसाठी ते आवश्यकही होते. पण यंत्राची किंमत एका हाताने उतरवायची आणि माणूस ठेवल्याबद्दल दुसऱ्या हाताने बक्षीस द्यायचे, याला एकच धोरण म्हणणे कठीण आहे.

हे बक्षीस असे: ऑगस्ट २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्र सरकारच्या रोजगार योजनेत, ९९,४४६ कोटींच्या तरतुदीतून, जादा कामगारामागे मालकाला दरमहा ३,००० रुपयांपर्यंत मिळतात. पन्नासांहून कमी माणसे असतील तर किमान दोन, पन्नास वा अधिक असतील तर पाच नवी माणसे ठेवणे बंधनकारक असून सारा व्यवहार भविष्यनिर्वाह निधीच्या दप्तरातून चालतो. या निधीचा कायदा सामान्यतः वीस कामगारांपासून पुढे लागू होतो. खर्चीवाल्यांच्या बहुसंख्य शेडमध्ये तेवढी माणसे नसतातच. ज्या मोठ्या कारखान्याकडे मागणी आहे, तो एरवीही भरती करणारच होता. त्याला मिळालेली रक्कम हा निव्वळ वाढावा.

त्यापेक्षा शालेय गणवेश, इस्पितळांच्या चादरी यांची शासकीय खरेदी वर्षाच्या आरंभीच जाहीर करून तिचे बिल सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यातील पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीत चुकते केले, आणि तीच मुदत व्यापाऱ्यालाही पाळायला लावली, तर लहान मागधारक बंद पडलेली रात्रपाळी आपण होऊन सुरू करील. त्यासाठी त्याला कोणताही अर्ज भरावा लागणार नाही.