चुकलेल्या वाटेला लावलेल्या खुणा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८७८ च्या सप्टेंबरात दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन या डोंगराळ मुलखातून, एका गाढवीला बरोबर घेऊन, बारा दिवस पायपीट केली आणि पुढच्याच वर्षी त्या प्रवासावर पुस्तक प्रसिद्ध केले. आज त्या मुलखात त्याच्या नावाची पायवाट आहे. फ्रान्समधील दूरपल्ल्याच्या पायवाटांच्या जाळ्यात तिचा क्रमांक 'जीआर ७०'. ल प्वीपासून आलेसपर्यंत अडीचशे किलोमीटरांहून अधिक लांबी, दगडांवर नि झाडांच्या खोडांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या, आणि टप्प्याटप्प्यावर मुक्कामाची सोय. २०१५ साली युरोप परिषदेने स्टीव्हन्सनच्या या मार्गाला 'सांस्कृतिक मार्ग' म्हणून मान्यता दिली. आमच्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांना याचे मोठे कौतुक वाटते. पुस्तक जमिनीवर उतरले, वाचक चालू लागला, साहित्य 'जिवंत' झाले, असे ते म्हणतात. 'साहित्यिक पर्यटन' हा अभ्यासाचा विषय असावा असा आग्रहही धरतात. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ही वाट चालायला उत्तम असेल. वाचन म्हणून ती अत्यंत सदोष आहे.

साध्या तपशिलापासून सुरुवात करू. स्टीव्हन्सन निघाला तो ल मोनास्तिएहून आणि त्याची पायपीट संपली सँ-झाँ-द्यु-गार येथे. आलेसला तो घोड्यांच्या टपालगाडीने गेला. आजची वाट मात्र ल प्वीला सुरू होते व आलेसला संपते, कारण तेथे रेल्वे पोहोचते. मधल्या टप्प्यांवर तो ज्या रस्त्यांनी गेला त्यांतील काहींवर पुढे डांबर पडले. साहजिकच पायवाट तेथे बाजूने वळवावी लागली. यात गैर काहीच नाही. चालणाऱ्याच्या सोयीसाठी वाट आखली जाते, तशी ती आखली. परंतु मग तिला 'स्टीव्हन्सनच्या पावलांवर' म्हणण्याचा अर्थ काय उरतो? पावले त्याची नाहीत, आरंभ त्याचा नाही, शेवट त्याचा नाही. नाव तेवढे त्याचे.

याहून गंभीर गोष्ट पुस्तकाच्या आशयाची आहे. या पुस्तकातील सर्वांत जिवंत प्रकरण कोणते, असे आम्हांला विचारले तर आम्ही फूझिलाकच्या रात्रीचे नाव घेऊ. अंधार पडत आला आहे, पाऊस आहे, स्टीव्हन्सन वाट चुकला आहे. रस्ता विचारावा तर गुरे राखणाऱ्या दोन मुलींपैकी एक जीभ काढून दाखवते, दुसरी म्हणते, गाईंच्या मागून जा. वस्तीत शिरावे तर कोणी दार लावून घेतो. कोणी बोलतो, पण काळोखात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार होत नाही. हा जेव्होदाँचा मुलूख. १७६४ ते १७६७ या काळात येथे एका हिंस्र श्वापदाने अनेक बायकापोरांचे बळी घेतले होते, आणि स्टीव्हन्सनलाही ती कथा ठाऊक होती. शेवटी तो रानातच झोपतो. परका माणूस, गावकऱ्यांचा संशय, भाषेची अडचण (घरात ऑक्सितान बोलणाऱ्यांशी तो फ्रेंचमध्ये बोलत होता), आणि या सर्वांवर चिडणारा, मग स्वतःलाच हसणारा निवेदक: प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे मर्म या दहाबारा पानांत सापडते. आता या प्रकरणावर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या मारून पाहा. वाट चुकणे हाच ज्याचा विषय, त्या पुस्तकाच्या नावाने वाट चुकू न देणारी व्यवस्था उभी राहिली आहे. हजारो स्वयंसेवक फ्रान्सभर या खुणा रंगवतात. त्यांच्या निष्ठेविषयी आम्हांला आदरच आहे. मात्र त्या खुणांच्या आधाराने चालणाऱ्याने आपण स्टीव्हन्सनचा अनुभव घेतला असे म्हणू नये.

गाढवीचेही तसेच. मोदेस्तीन ही पासष्ट फ्रँक आणि एक पेला ब्रँडी या किमतीला घेतलेली व शेवटी खोगिरासकट पस्तीस फ्रँकांना विकलेली. निवेदक तिला मारतो, टोचणीने रक्त काढतो, त्याची त्याला लाज वाटते, आणि तरी तो मारतो. वाचक हसता हसता अडखळतो. ते अडखळणे लेखकाने जाणून घडवलेले आहे. आज त्या मुलखात सहलीसाठी गाढवे भाड्याने मिळतात, त्यांना चांगले वागवले जाते, हे उत्तमच. परंतु मोदेस्तीन आता फलकांवरचे गोंडस चित्र झाली आहे. २०२० साली कारोलीन व्हिन्याल हिचा 'आंत्वानेत दाँ ले सेव्हेन' हा चित्रपट आला. विवाहित प्रियकराच्या मागावर निघालेली एक शिक्षिका आणि तिचे पात्रिक नावाचे गाढव यांची ही कथा. चित्रपट खेळकर आहे, आणि नायिकेच्या भूमिकेसाठी लोर कालामी हिला २०२१ मध्ये सेझार पुरस्कारही मिळाला. त्यानंतर या वाटेवर पाऊल ठेवणाऱ्या कित्येकांच्या मनात पुस्तक नव्हे, पडदा होता. हा उतार अपरिहार्य आहे. आमची तक्रार एवढीच, की त्याला कोणी 'वाचनसंस्कृती' म्हणू नये.

मराठीत परदेशातील एखाद्या पायवाटेचा विषय निघाला की वारीची उपमा आलीच म्हणून समजावे. उपमा द्यायचीच तर ती ल प्वीहूनच निघणाऱ्या दुसऱ्या वाटेला, जीआर ६५ ला द्यावी. तेथील बिशप गोदेस्काल्क दहाव्या शतकात सान्तियागोच्या यात्रेला गेला, आणि ती परंपरा अनेक शतके समूहाने चालवली. स्टीव्हन्सन कोणाच्याही दर्शनाला निघाला नव्हता. सत्तावीस वर्षांचा हा तरुण, ज्या स्त्रीवर जीव जडला होता ती फॅनी ऑस्बर्न नुकतीच अमेरिकेला परतलेली, खिशात फारसे पैसे नाहीत, आणि एक पुस्तक लिहून चार पैसे मिळवायचे आहेत. एकट्याच्या त्या व्यवहारी प्रवासाला वारीच्या पंक्तीला बसवणे हा दोहोंवरही अन्याय आहे.

आणि आता मुख्य आक्षेप. या डोंगरातल्या वाटा स्टीव्हन्सनने पाडल्या नाहीत. लांगदॉकच्या सपाटीवरून उन्हाळ्याच्या तोंडी मेंढरांचे कळप वर चढत, थंडी यायच्या आत उतरत. त्यांच्या खुरांनी ज्या रुंद वाटा पडल्या त्यांना तेथील भाषेत 'द्राय' म्हणतात. माँ लोझेर हा पहाड ओलांडताना (त्याचे फिनिएल हे शिखर १६९९ मीटर उंच आहे) वाट दाखवायला ओळीने उभे दगड होते, आणि आपण त्यांच्याच आधाराने चढलो हे स्टीव्हन्सनने लिहून ठेवले आहे. २०११ साली युनेस्कोने कोस आणि सेव्हेन या प्रदेशाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते मेंढपाळी आणि शेती यांनी घडवलेल्या भूदृश्यासाठी. म्हणजे वारसा मेंढपाळाचा आणि वाटेवर नाव मात्र पाहुण्याचे!

वाटांचा दुसरा इतिहास रक्ताचा आहे. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा फर्मान रद्द केला आणि सेव्हेनमधील प्रोटेस्टंट शेतकरी, पिंजारी, विणकर बेकायदा ठरले. लांगदॉकचा राजप्रतिनिधी बाव्हील याने फौज आणि तोफा नेता याव्यात म्हणून या डोंगरांतील रस्ते रुंद करून घेतले. २४ जुलै १७०२ च्या रात्री पाँ-द-माँव्हेर येथे द्यु शायला या छळवादी धर्माधिकाऱ्याची हत्या झाली आणि कामिझारांचे बंड पेटले. पुढच्या वर्षी राजाच्या सैन्याने साडेचारशेहून अधिक वाड्यावस्त्या जाळल्या. रुंद रस्ता सैन्याचा, अरुंद पायवाट बंडखोराची, हा त्या मुलखाचा भूगोल होता. स्टीव्हन्सन स्वतः स्कॉटलंडच्या कव्हेनंटरांच्या कथा ऐकत वाढलेला. म्हणूनच तर तो येथे आला, आणि पुस्तकाचा उत्तरार्ध त्याने कामिझारांनाच दिला. त्याच्या पुस्तकात जो इतिहास केंद्राशी आहे तो त्याच्या नावाच्या वाटेवर माहितीफलकापुरता उरतो. लेखकाने दुसऱ्यांकडे बोट दाखवावे आणि आपण बोटाचेच स्मारक बांधावे, असा हा प्रकार आहे.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर गंमत आणखी वाढते. १९९८ साली फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने या 'जीआर' वाटांची आखणी ही बुद्धीची निर्मिती म्हणून स्वामित्वहक्काच्या संरक्षणास पात्र ठरवली. हक्क अर्थात वाटा आखणाऱ्या महासंघाचा. 'लेखक कोण?' या प्रश्नावर वर्गात तास घालवणाऱ्या आम्हां मंडळींना याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. वाटेला कायद्याने लेखक मिळाला. तो मेंढपाळ नव्हे, कामिझार नव्हे, स्टीव्हन्सनही नव्हे.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा आम्ही मनापासून मान्य करतो. ज्या लोझेर जिल्ह्यातून ही वाट मोठ्या प्रमाणात जाते त्याची लोकसंख्या १८५१ च्या सुमारास १ लाख ४४ हजार होती. आज ती ७७ हजारांच्या आसपास आहे, फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील कोणत्याही जिल्ह्याहून कमी. सेव्हेनच्या उतारांवर चेस्टनट हेच गरिबाचे अन्न होते. तुतीवर रेशीम पिकत होते. रेशीमकिड्यांवर रोग पडला, १८६५ मध्ये लुई पाश्चर त्याच्या शोधासाठी आलेसला आला, उपाय सापडला, पण धंदा पूर्वपदावर आला नाही. माणसे खाणींकडे, शहरांकडे गेली. १९७० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात आजही काही कुटुंबे राहतात. अशा गावात पायी येणाऱ्यांमुळे एखादे दुकान, एखादी खानावळ तग धरत असेल, तर तिच्यावर टीका करण्याचा आम्हांला अधिकार नाही. स्टीव्हन्सनचे नाव त्या पोटापाण्यासाठी वापरले गेले तर तोही, पैशाची चणचण जाणणारा माणूस, बहुधा हसला असता. पण मग तसे सरळ म्हणावे. चालणाऱ्याला जी 'शांतता' भुरळ घालते ती निघून गेलेल्या माणसांची आहे. ढासळलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांना निसर्गसौंदर्य म्हणणे हा साहित्याचा संस्कार नाही.

आम्हांला काळजी आहे ती वर्गाची. प्रवासवर्णन शिकवताना स्थळांची नावे नकाशावर जोडण्याचे प्रकल्प दिले जातात, विद्यार्थी छायाचित्रे डकवतात, गुण मिळतात. स्टीव्हन्सनची प्रवासातली टिपणवही १९७८ मध्ये छापून आली. वही आणि पुस्तक शेजारी ठेवले की दिसते, पुस्तक वाटेवर नव्हे, टेबलावर घडले आहे: काही प्रसंग फुलवले आहेत, काही झाकले आहेत, फॅनीचे नाव कोठेही येत नाही आणि तरी रानातल्या रात्रीच्या वर्णनात सोबतीची ओढ उमटून जाते. ज्या विद्यार्थ्याला हे काम करायचे आहे त्याला सेव्हेनला जाण्याची गरज नाही. त्याला दोन प्रती आणि एक पेन्सिल पुरते. पुढच्या सत्रात आम्ही तेच देणार आहोत, आणि नकाशा मुद्दाम देणार नाही.