फलक म्हणजे पूल नव्हे

ता. १५ जून २०२५ रोजीं, रविवारीं, मावळ तालुक्यांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला. चार माणसें प्राणांस मुकलीं व पन्नासांहून अधिक जखमी झालीं. तीच इंद्रायणी पुढें आपल्या खेड तालुक्यांत आळंदीस येते. तेव्हां हें दूरचें दुःख आहे असें राजगुरुनगरच्या नागरिकांस म्हणतां येणार नाहीं.

पूल धोकादायक असल्याचा फलक होता, तरी लोकांनीं गर्दी केली, सबब दोष लोकांचा, असा युक्तिवाद पुढें आला. सुटीच्या दिवशीं पुलावर दाटी करणारांनीं अविचार केला, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु फलक लाविला कीं कर्तव्य संपलें, हा कोठला न्याय? लावणारानें धोका ओळखला होता, एवढेंच त्या फलकानें सिद्ध होतें. आणि ओळखलेला धोका उघडा ठेवणें हा अज्ञानाहून मोठा दोष होय. नव्या पुलासाठीं सुमारें ८ कोटी रुपये मंजूर झाले होते. पूल मात्र कागदावरच राहिला. ज्यावरून काठच्या गांवांची रोजची ये-जा चालते, तो पूल दुसरी वाट दिल्यावांचून नुसत्या फलकानें बंद होत नसतो.

तपासणीचीही तीच कथा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील १९२८ सालचा पूल पुरांत गेला व दोन एस. टी. गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. त्या पुलाची तपासणी त्याच वर्षीं मे महिन्यांत झाली होती! पुढें तेथें नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला. सामर्थ्य आहे, पण राजमार्गाकरितां जी त्वरा सुचते, ती दोन खेड्यांच्या पुलाकरितां सुचत नाहीं.

हा प्रश्न केवळ खेडुतांचाही नव्हे. चाकणच्या बाजारांत येणारा कांदा आणि तेथील कारखान्यांत जाणारा कामगार, दोघेही नद्या ओलांडूनच येतात. म्हणून आमची मागणी अशी: पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक पुलाचा तपासणी-अहवाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा, जो पूल अयोग्य ठरेल त्याचीं दोन्ही तोंडें पक्कीं बंद करून त्याच दिवशीं पर्यायी वाट द्यावी, आणि नव्या कामाची मुदत व जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा जाहीर व्हावा.

नागरिकांनींही हा अहवाल मागितला पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें तो हक्क दिलेला आहे; न बजावलेला हक्क हाही एक नुसता फलकच होय.