ईश्वरेच्छा कोणीं म्हणावी?

दुखवट्याच्या पत्रांत ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ असें लिहिण्याचा आपल्या शिष्टवर्गांत जुना परिपाठ आहे. शब्द सद्हेतूनेंच लिहिले जातात; परंतु ते वाचणाऱ्याच्या मनांत जो प्रश्न उठतो, त्याचा विचार लिहिणारा बहुधा करीत नाहीं. ईश्वर दयाळू आहे आणि सर्वशक्तिमान्‌ही आहे, तर त्याची इच्छा अशी कां असावी? हा प्रश्न सर्वच धर्मांना पडलेला आहे. परंतु ख्रिस्ती धर्मांत तो विशेष तीव्रतेनें उभा राहिला. तेथील विचारवंतांनीं त्याचीं शोधलेलीं उत्तरें आमच्या वाचकांसही मननीय वाटतील, म्हणून या वेळीं तोच विषय घेतला आहे.

या तीव्रतेचें कारण उघड आहे. ईश्वर पक्षपाती व निर्दय ठरतो, हा आक्षेप बादरायणाचार्यांनीं ब्रह्मसूत्रांत स्वतःच मांडला, आणि ईश्वर प्राण्यांच्या कर्मानुरूप फल देतो व संसार अनादि आहे, असें सांगून त्याचें निरसन केलें. जन्मांध बालकाच्या अंधत्वाचें कारण आपल्याकडे पूर्वजन्मांत शोधतां येतें. ख्रिस्ती मतांत जन्म एकच, आणि सृष्टि ईश्वरानें शून्यांतून निर्माण केली, तीही चांगली म्हणून. मग त्या चांगल्या सृष्टींत दुःख आलें कोठून?

याचें सर्वांत प्रसिद्ध उत्तर उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप संत ऑगस्टीन (इ. स. ३५४–४३०) यांनीं दिलें. वाईट ही स्वतंत्र वस्तु नव्हे. अंधार हा जसा प्रकाशाचा अभाव, तसें वाईट हा चांगल्याचा अभाव होय. आणि इच्छास्वातंत्र्याचा दुरुपयोग करून तो अभाव मनुष्यानें जगांत आणला, असें त्यांचें प्रतिपादन. स्वातंत्र्य दिलेंच कां, असें कोणी विचारील, तर कळसूत्री बाहुलीनें केलेल्या नमस्काराला किंमत ती काय? जो द्वेष करूं शकतो, त्याच्याच प्रेमाला अर्थ आहे. परंतु पेलाजियस याच्याशीं झालेल्या वादांत ऑगस्टीन यांनींच पुढें असेंही म्हटलें कीं, पतित मनुष्याची इच्छा ईश्वरी कृपेवांचून चांगल्याकडे वळूंच शकत नाहीं. मग स्वातंत्र्य उरलें किती? इरॅस्मस यानें १५२४ सालीं इच्छास्वातंत्र्याच्या बाजूनें ग्रंथ लिहिला, आणि ल्यूथर यानें १५२५ सालीं त्याचें खंडन केलें. तो तंटा आजतागायत मिटलेला नाहीं.

तो मिटला असें मानलें, तरीही एक मोठी अडचण उरते. युद्ध, गुलामगिरी, सावकाराचा जुलूम हीं सारीं मनुष्याच्या स्वातंत्र्याचीं फळें म्हणतां येतील. पण धरणीकंपाचें काय?

१ नोव्हेंबर १७५५ या दिवशीं हा प्रश्न सर्व युरोपापुढें आला. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. गोव्याचा कारभारही त्या काळीं याच नगरींतून चाले. त्या दिवशीं सर्व संतांचा सण होता. सकाळीं साडेनऊच्या सुमारास चर्चें उपासकांनीं भरलेलीं असतां भूकंप झाला व तीं त्यांच्याच अंगावर कोसळलीं. जे जीव घेऊन नदीकांठच्या मोकळ्या जागेंत धांवले, त्यांना थोड्याच वेळानें समुद्राच्या लाटांनीं गांठलें. मागोमाग लागलेली आग पांच-सहा दिवस जळत राहिली. सर्व संतांच्या नांवाचें मोठें रुग्णालय त्या आगींत सांपडलें. पाखंड्यांचा न्याय करणाऱ्या इन्क्विझिशनचा वाडाही पडला. मृतांची संख्या कित्येक सहस्रांवर गेली. पुण्यदिवशीं, पुण्यस्थळीं, प्रार्थना करितांना हीं माणसें मेलीं.

संभाव्य जगांपैकीं हेंच सर्वांत उत्तम जग ईश्वरानें निवडलें, असें लायब्निझ् या तत्त्ववेत्त्यानें १७१० सालीं प्रतिपादिलें होतें. व्हॉल्टेअरनें १७५६ सालीं लिस्बनवर काव्य लिहून आणि १७५९ सालीं ‘कांदीद’ ही कादंबरी प्रसिद्ध करून या मताची विटंबना केली. इकडे मालाग्रिदा नांवाच्या जेजुइट धर्मगुरूनें १७५६ सालीं एक पुस्तिका काढली. भूकंपाचें कारण निसर्गांत नाहीं, लिस्बनच्या पापांत आहे. सबब लोकांनीं निवाऱ्याच्या खटपटीपेक्षां प्रायश्चित्तास लागावें, असा तिचा मथितार्थ. पुढें पोंबालचा मार्क्विस म्हणून विख्यात झालेला राज्याचा प्रधान कार्व्हाल्यो यास हें रुचलें नाहीं, व त्यानें त्या धर्मगुरूस नगराबाहेर घालविलें. १७६१ सालीं याच मालाग्रिदास इन्क्विझिशननें पाखंडाच्या आरोपावरून देहान्त शासन दिलें. इतरांस पापी ठरविणारा स्वतः त्याच तराजूंत तोलला गेला, असें म्हणून समाधान मानण्यासारखी ही गोष्ट नाहीं. त्या शिक्षेंत राजकारण होतें आणि क्रौर्यही होतें.

प्रधानानें दुसरी जी गोष्ट केली ती अधिक बोधप्रद आहे. त्यानें गांवोगांवच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधीं ओसरला कीं चढला, घरें किती पडलीं? आणि नव्या घरांच्या भिंतींत लांकडी सांगाडे घालविले. रूसोनेंही व्हॉल्टेअरला लिहिलेल्या पत्रांत हाच मुद्दा वेगळ्या रीतीनें मांडला होता. सहा-सहा, सात-सात मजल्यांचीं घरें दाटीनें एके ठिकाणीं निसर्गानें बांधलीं नव्हतीं, असें त्याचें म्हणणें. म्हणजे ज्याला आपण दैवी कोप म्हणतों, त्यांतही मनुष्याच्या निवडीचा वांटा असतो, आणि तेवढा वांटा त्याला सुधारतां येतो.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, मालाग्रिदाच्या विरुद्ध सर्वांत बळकट पुरावा त्याच्याच धर्मग्रंथांत होता. ईयोबाची कथा पाहा. त्या सत्शील मनुष्याचीं मुलें, धन, आरोग्य सर्व गेलें. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसले. तोंवर ते खरे मित्र होते. मग ते बोलूं लागले, आणि तुझ्या हातून कांहीं पाप घडलें असलेंच पाहिजे, असें त्याला पटवूं लागले. शेवटीं ईश्वर बोलला, तो त्या मित्रांवर रागावला. ईयोबानें मात्र आपल्याविषयीं योग्य तेंच सांगितलें, असा निर्वाळा त्यानें दिला. शुभवर्तमानांत सिलोआम येथें बुरूज पडून अठरा माणसें मेल्याचा उल्लेख आहे. तीं इतरांहून अधिक पापी नव्हतीं, असें येशूनें स्पष्ट सांगितलें. आणि पश्चात्तापाची गोष्ट काढली, ती मेलेल्यांविषयीं नव्हे, ऐकणाऱ्यांविषयीं. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं विचारलें कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? येशूचें उत्तर होतें, दोघांचेंही नव्हे.

परंतु याहूनही मोठी गोष्ट गेथशेमाने बागेंतील आहे. देहदंडाच्या आदल्या रात्रीं येशूनें हा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, आणि अखेर, माझी नव्हे, तुझी इच्छा होवो, असें म्हटलें. ‘ईश्वरेच्छा’ हा शब्द येथें कोण उच्चारतो, हें पाहावें. दुःख ज्याच्या वांट्याला आलें, तोच तो उच्चारतो, आणि तोही प्रथम नकार देऊन. कांठावर उभा राहून दुसऱ्याच्या प्याल्याविषयीं तो बोललेला नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें तर क्रुसावर ईश्वर स्वतःच दुःख भोगतो. दुःखाचें कारण यांत सांगितलेलें नाहीं. सोबत मात्र सांगितली आहे. हें उत्तर बुद्धीस अपुरें वाटतें, आणि कित्येक प्रामाणिक ख्रिस्ती विचारवंतही तें मान्य करितात.

आपल्या पंडिता रमाबाईंचे आईबाप व वडील बहीण १८७० नंतरच्या दशकांतील दुष्काळांत गेलीं. १८८३ सालीं त्यांनीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून आणि त्यांच्या धर्मोपदेशावरून महाराष्ट्रांत रोषही पुष्कळ उसळला. तो वाद येथें नको. पण १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुली त्यांनीं आणल्या व केडगांवीं सांभाळल्या, तेव्हां हा दुष्काळ कोणाच्या पापाचें फळ, हें ठरेपर्यंत त्या थांबल्या नाहींत.

हा मोह एकाच धर्माचा नव्हे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपास महात्मा गांधींनीं अस्पृश्यतेच्या पापाचें शासन म्हटलें, तेव्हां रवींद्रनाथांनीं त्याचा जाहीर निषेध केला. हेतु थोर असला, तरी मेलेल्यांच्या माथीं पाप लागतें, तें लागतेंच.

आपल्या एकत्र कुटुंबांत तर हा मोह रोजचा आहे. सून विधवा झाली तर तिचा पायगुण, मूल व्यंग घेऊन जन्मलें तर आईचें पूर्वकर्म, हें बोलणें आपल्या घरांतून पुरतें गेलें आहे, असें कोणी छातीवर हात ठेवून म्हणावें! कर्मसिद्धान्त खरा कीं ईश्वरेच्छा खरी, याचा निर्णय शास्त्री करोत. स्वतःच्या दुःखांत ज्याला त्यांचा आधार वाटेल, त्यानें तो अवश्य घ्यावा. दुसऱ्याच्या दुःखाचा निकाल मात्र आपण त्यांवरून लावूं नये. त्या घरीं आपण ईयोबाच्या मित्रांनीं पहिले सात दिवस केलें तेवढेंच करावें, आणि जातांना चुलीवर कांहीं शिजलें आहे कीं नाहीं, एवढें पाहावें.