पडद्यावरचं लुगडं आणि ट्रंकेतलं लुगडं

मैत्रिणींनो, या वेळी एका भगिनीचं पत्रच तुमच्यापुढे ठेवते. त्या लिहितात, "मला सिनेमाची फार आवड. पण घरी आल्यावर गोष्टीच्या आधी मला आठवतात त्या साड्या, दारावरचे पडदे, दिवाणखान्यातली समई. आमचे हे म्हणतात, 'हिला सिनेमाला नेण्यापेक्षा साडीच्या दुकानात नेलं असतं, तर तिकिटाचे पैसे वाचले असते!' मुलंही हसतात. मी खरंच बावळटासारखा सिनेमा बघते का?" आणि पत्राच्या शेवटी, सहज म्हणून लिहिलेल्या दोन ओळी : "सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. त्यांची ट्रंक तशीच पडून आहे. बोहारीण जरीच्या लुगड्यांवर मोठं पातेलं द्यायला तयार आहे. देऊन टाकू का?"

ताई, तुमचे प्रश्न दोन असले तरी त्यांचा धागा एकच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पहिला प्रश्न. तुम्ही बावळट मुळीच नाही. साडी बघते ती बाई गोष्टच बघत असते, फक्त तिला तसं सांगता येत नाही. 'साहिब बीबी और गुलाम' (1962) आठवा. हवेलीतली छोटी बहू नटूनथटून बसली आहे. भरजरी साडी, अंगभर दागिने, कपाळावर ठसठशीत कुंकू. आणि ज्याच्यासाठी हा साज, त्याचा घरात पत्ता नाही! तिचं दुःख कुणी बोलून दाखवण्याआधीच आपल्याला उमगतं, कारण साज चढवून वाट बघत बसणं म्हणजे काय, ते बायकांना वेगळं सांगावं लागत नाही. तो चित्रपट कृष्णधवल. साडीचा रंग दिसत नाही, पण जरीची चमक तेवढी दिसते.

ती वेशभूषा भानू अथैया यांची. या आपल्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या आणि पुढे स्त्रियांच्या इंग्रजी साप्ताहिकांत कपड्यांची रेखाटनं करू लागल्या. म्हणजे त्यांची सुरुवात आपल्यासारख्याच पानांतून झाली! नंतर त्या चित्रपटांकडे वळल्या. 'गांधी' (1982) चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना 1983 साली ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 2020 साली त्या गेल्या.

'गांधी' पुन्हा बघाल तेव्हा रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबांकडे नीट लक्ष द्या. सुरुवातीच्या आणि शेवटच्या कस्तुरबा यांच्यामध्ये कितीतरी वर्षं गेली आहेत. ती केवळ पिकलेल्या केसांनी दाखवलेली नाहीत, अंगावरचं कापडही त्यांच्याबरोबर साधं होत गेलं आहे. भाषण नको की तारीख नको, बाईचं आयुष्य कसं बदललं ते वस्त्रच सांगतं.

घराचंही तसंच. कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि 1933 साली पुण्याला आलेल्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' (1936) घ्या. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. त्यांतले फत्तेलाल मूळचे कलादिग्दर्शक. तुकोबांच्या घरातली ओढगस्त कुणी मोजून दाखवत नाही. पण ते घर आणि अंगावर जाडंभरडं लुगडं नेसून कामाला जुंपलेली आवली दिसली, की तिचा त्रागा आपल्याला आपला वाटतो. तेच घर लख्ख आणि भरलेलं दाखवलं असतं, तर ती बिचारी नुसती कजाग वाटली असती. बघा, नेपथ्य चुकलं तर एका बाईवर केवढा अन्याय झाला असता!

उलट, भपका असला म्हणजे तो खोटाच, असंही नाही. 'मुघल-ए-आझम'मधला (1960) शीशमहाल आठवतो ना? एवढे आरसे लावल्यावर दिव्यांचा झोत उलटून कॅमेऱ्यातच शिरे, म्हणून उजेड आडून, परावर्तित करून घ्यावा लागला. पण ती सारी खटपट एका क्षणासाठी : बादशहा मान वर करतो आणि छतावरच्या प्रत्येक आरशात त्याला एकच नाचणारी मुलगी दिसते. जिला नजरेआड करायचं, तीच चहूकडे! तिथे भपका हीच गोष्ट आहे.

आता सांगा, एखाद्या चित्रपटात शंभर वर्षांपूर्वीची गरीब बाई दाखवतात, आणि तरी आपलं मन तिथे रमत नाही, असं का होतं? कारण तिच्या लुगड्याची घडी मोडलेली नसते. चुलीपुढे बसूनही पदराला ना काजळी, ना ओल्या हाताचा डाग. ह्यांना ते दिसत नाही, पण तुम्हाला लगेच खुपतं. जाणते कपडेपटवाले यासाठी केवढी मेहनत घेतात! नवं कापड पुन्हापुन्हा धुतात, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट करतात, कोपरावर नि काठांवर पॉलिश पेपर घासून विटवतात. आपण कपडा नवा राहावा म्हणून धडपडतो, ते तो जुना दिसावा म्हणून!

एक सावधगिरीचा शब्द मात्र सांगते. पडद्यावरचं सगळंच अंगावर घेऊ नये. 'ब्रह्मचारी'मध्ये (1968) मुमताजची केशरी साडी गाजली, तशीच साडी नेसायची हौस गावोगाव पसरली. पण ती साडी अंगाबरोबर शिवलेली, चेन लावलेली होती, नाचताना सुटू नये म्हणून. ती एका गाण्यापुरती. आपल्याला बस पकडायची असते, कडेवर पोर असतं. दिवाणखान्याचंही तेच. पडद्यावरच्या घरात कुणाला केर काढायचा नसतो.

आता ट्रंकेकडे वळते. ताई, जुन्या काळच्या चित्रपटाचे कपडे करायचे तर ते लोक बघतात काय? जुनी चित्रं, फोटो आणि खरीखुरी जुनी वस्त्रं. राजघराण्यातली वस्त्रं संग्रहालयांत जातात. पण तुमच्या-माझ्या सासूबाई सणाला काय नेसत, काठ किती बोटं रुंद असे, फाटलं तर रफू कसं करत, हे कुठल्या संग्रहालयात असणार? ते असतं ट्रंकेत. आणि ते एका पातेल्याच्या भावात जातं.

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाही. माझ्या आईचं अंजिरी इरकली लुगडं मीच बोहारणीला दिलं, आणि झाकणाचे दोन डबे घेतले. डबे अजून आहेत, त्यांत डाळी भरते. परवा एका चित्रपटात तसंच लुगडं नेसलेली बाई पाठमोरी बसलेली दिसली, आणि मला पुढची गोष्टच कळली नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. सगळी ट्रंक जपा असं म्हणत नाही, घरात जागा किती ते मलाही माहीत आहे. दोन-तीन लुगडी निवडा. एक सणाचं आणि एक रोजचं, विटलेलं, हे नक्की ठेवा. रोजचंच कुणी ठेवत नाही, म्हणून तेच दुर्मीळ. बाकीची खुशाल द्या, त्यात अपराध नाही.

ठेवाल ती अशी ठेवा : प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला नाहीतर लवंगांची पुरचुंडी बाजूला ठेवा. तीन-चार महिन्यांनी काढून सावलीत वारा द्या आणि घडी बदला, म्हणजे एकाच रेषेवर कापड चिरत नाही. आणि कागदावर लिहा : कुणाचं, कुठल्या प्रसंगाचं, साधारण कुठल्या साली घेतलेलं. तो कागद टाचणीने लावू नका, गंज धरतो. दोऱ्याने बांधा.

हे करताना ह्यांना आणि मुलांना शेजारी बसवा. सासूबाईंचं लुगडं उलगडून सांगा, हे त्या केव्हा नेसत. मग बघा, पुढच्या सिनेमाला मुलंच विचारतील, "आई, तिची साडी बरोबर होती का गं?"

आणि पातेलं हवंच असेल, तर ते रोख पैसे देऊन घ्या!