परदेशी निघालेला विद्यार्थी आणि आपली पुडी

फेब्रुवारी व जुलैच्या सत्रांपूर्वी ऑस्ट्रेलियास निघालेल्या विद्यार्थ्यांचे पालक चिकित्सालयात हमखास येतात. 'तिकडे काही मिळत नाही, वैद्यराज, सहा महिन्यांचे औषध द्या,' ही त्यांची मागणी. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मुलास मी ग्रहणीसाठी चूर्णाच्या पुड्या व काढ्याची भरड बांधून दिली. पुडीवर माझ्या अक्षरात 'सकाळ-सायंकाळ' एवढेच. औषध म्हणजे काही वनस्पती नव्हे, अशा समजुतीने त्याने आगमनपत्रावर 'नाही' अशी खूण केली. विमानतळावर सर्व भरड जप्त झाली, वर दंड. त्याची आई मला रागाने काही बोलली नाही. 'पुडीवर औषधाचे नाव तरी घालत जा,' एवढेच म्हणाली.

अशा प्रसंगी 'हा आयुर्वेदाविषयीचा आकस' अशी हाकाटी आपल्या सभांतून होते. मला ती पटत नाही. साठवणीच्या धान्यातील खपरा किड्याचे जगभर रूढ असलेले नाव आपल्याच देशातले. त्याची अळी अन्नाविना वर्षानुवर्षे तग धरते. गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर आढळलेला नाही, आपल्या गोठ्यांना तो चांगला परिचित आहे. गोमूत्र अर्काची बाटली पाहून तेथील अधिकारी का सावध होतो, हे यावरून उमगावे. चरकाच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय अभ्यासलेल्या वैद्यास, एखाद्या देशाने आपली भूमी जपणे परके वाटू नये.

तेथील २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्याचा व्यवहार सरळ आहे. वस्तू खरेपणाने नोंदविली तर फार तर ती जाते, दंड होत नाही; लपविली तर दंड, आणि २०२१ पासून विद्यार्थ्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. कर्ज काढून पाठविलेल्या मुलाचे शिक्षण आपल्या एका निनावी पुडीपायी धोक्यात येते.

तेव्हा भरड व सुट्या पुड्या बंद कराव्यात. मोहरबंद वेष्टनातील वटी द्यावी, तीन महिन्यांहून अधिक नको, सोबत इंग्रजीत औषधपत्र. रसकल्प तर नकोतच. २००४ साली बोस्टन परिसरातील ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले, त्याची सावली अजून हटलेली नाही. कोष्ठ, जटामांसी, कुटकी या तर साइट्स कराराच्या सूचीतील वनस्पती. त्यांच्याबाबतची बंधने आपल्याच सीमेपासून सुरू होतात.

औषधनिर्मात्यांस खर्चाची सबब सांगता येणार नाही. नियम १६१ अन्वये घटकांची यादी वेष्टनावर छापणे देशातही बंधनकारकच आहे. लहान फार्मसींची अडचण मी जाणतो. त्यांच्यासाठी संघटनेने नित्याच्या पंचवीस-तीस कल्पांचे, वनस्पतींच्या शास्त्रीय नावांसह, इंग्रजी मसुदे सिद्ध करून द्यावेत. जुलैच्या सत्राआधी ते हाती आले, तर याच वर्षी उपयोगी पडतील.