न बदललेला शब्द
सिडकोतील एका गल्लीतून या आठवड्यात जाताना जवळजवळ प्रत्येक फाटकावर कॅमेरा बसलेला दिसला, आणि एका स्नेह्याने मोबाइलवर आपले अंगण मोठ्या कौतुकाने दाखविले तेव्हा पासवर्ड बदलला काय, या माझ्या पृच्छेला ‘तो बसविणाऱ्यालाच ठाऊक’ असे उत्तर मिळाले. वाचकहो, हे उत्तर मला भयावह वाटते. कारण राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीस आलेल्या स्त्रियांची चित्रणे टेलिग्रामवरून विकली गेल्याचे जे प्रकरण २०२५च्या फेब्रुवारीत उजेडात आले, त्यात अहमदाबाद पोलिसांनी पकडलेल्या आरोपींपैकी एक आपल्या मराठवाड्यातल्या लातूरचा होता, आणि तेथील कॅमेऱ्याला ‘अ‍ॅडमिन१२३’ हाच कारखान्याने घातलेला परवलीचा शब्द कायम होता, असे तपासाच्या वृत्तांतून पुढे प्रसिद्ध झाले. असेच साठाएक ठरीव शब्द आलटूनपालटून लावीत ‘मिराय’ नामक प्रोग्रामने २०१६ साली जगभरचे लाखो कॅमेरे व तत्सम यंत्रे काबीज केली होती, तेव्हा अनभिज्ञतेची सबब आता कोणालाच नाही. मलिक अंबराने वसविलेल्या, दरवाजांच्या या शहराला दरवाजाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. इंटरनेटला जोडलेला कॅमेरा हाही दरवाजाच होय. माझे मत स्पष्ट आहे: मालकाने स्वहस्ते नवा शब्द घातल्यावाचून बसविणाऱ्याची मजुरी चुकती करू नये, आणि रुग्णालयातील तपासणीच्या किंवा मुलींच्या वसतिगृहातील निजण्याच्या खोलीत ज्यांनी कॅमेरा लावला असेल त्यांचा परवानाच महानगरपालिकेने जप्त करावा.